आपले, शेजारचे आणि रोग

मी नेटवर्कमध्ये आहे असं सांगितलं की पुण्यात दोनच प्रतिक्रिया येतात. एक, 'म्हणजे ते साबण-शांपू विकायचं का?' आणि दुसरी, 'आमच्या बेडरूममध्ये वायफाय येत नाही, जरा बघशील?' दुसरी जास्त वेळा. मावशीच्या घरी, मैत्रिणीच्या सासरी, एकदा तर मला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांनीही विचारलं होतं. राउटर फ्रिजच्या मागे ठेवू नका, एवढं सांगून मी सुटका करून घेते.

खरं काम असं आहे. पदाचं नाव सॉफ्टवेअर इंजिनिअर, डिग्री ईएनटीसीची, आणि दिवसभर मी दुसऱ्यांच्या इमारतींमधल्या हवेवर लक्ष ठेवते. आमची कंपनी मोठ्या ऑफिसांचं वायफाय सांभाळते. छतावर जेवणाच्या ताटाएवढे पांढरे डबे लावलेले तुम्ही पाहिले असतील. त्यांतले बहुतेक अ‍ॅक्सेस पॉइंट असतात. तुमच्या लॅपटॉपशी बोलणारे. काही मात्र सेन्सर असतात. दिसायला अगदी तसेच. कुणाला इंटरनेट देत नाहीत, सहसा कुणाशी बोलत नाहीत, फक्त ऐकतात. हल्ली बऱ्याचदा एकाच डब्यात दोन्ही कामं असतात: दोन रेडिओ बोलतात आणि तिसरा कान देऊन बसतो.

हा कान एका चॅनलवर सेकंदाचा काही हिस्सा थांबतो, मग पुढच्या चॅनलवर जातो, सगळे संपले की पुन्हा पहिल्यावर. जुन्या रेडिओचं बटण कुणी न कंटाळता फिरवत बसावं तसं. आणि हवेत केवढी बडबड चालू असते! प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे, माझं नाव अमुक' असं ओरडत असतो. फोन मधूनमधून 'ओळखीचं कुणी आहे का?' विचारत राहतात. मजकूर कुलूपबंद असतो, तुम्ही कुणाला काय लिहिलंत ते सेन्सरला कळत नाही, नीट लावलेल्या नेटवर्कवर तर नाहीच. पण पाकिटावरचा पत्ता उघडा असतो. कुठलं यंत्र, कुणाशी जोडलेलं, किती वाजता, किती जोरात ऐकू आलं. एवढ्यावरून बरंच काही कळतं, चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ऐकलेल्या प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटला आमचं सॉफ्टवेअर तीनपैकी एका ढिगाऱ्यात टाकतं. पहिला ढीग आपल्यांचा: यादीत नाव आहे, आपणच लावलाय. दुसरा शेजाऱ्यांचा: समोरच्या इमारतीतला, खालच्या चहावाल्याचा, रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधल्या कुणाच्या हॉटस्पॉटचा. त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. तिसरा घुसखोरांचा. इंग्रजीत त्याला 'रोग' एपी म्हणतात. मराठी लिपीत लिहिला की तो आजार वाटतो, आणि टीममधल्या एकीनं एकदा हँडओव्हरच्या मेसेजमध्ये 'चौथ्या मजल्यावर रोग आहे, सकाळी काढणे' असं लिहून ठेवलं होतं ते वाचून सुपरवायझर खरोखर दचकले होते.

कामातला सगळा कस दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातला फरक ओळखण्यात आहे. आवाज मोठा म्हणजे घुसखोर, असं नसतं. चहावाल्याचा राउटर खिडकीजवळच्या सेन्सरला आपल्या स्वतःच्या डब्यापेक्षा खणखणीत ऐकू येतो. प्रश्न एकच असतो: तो आपल्या भिंतीतल्या तारेला जोडलेला आहे का? हे तपासायची एक युक्ती मला कॉलेजातल्या कुठल्याही प्रॅक्टिकलपेक्षा जास्त आवडते. सोसायटीत खालच्या फ्लॅटचं छत गळायला लागलं की प्लंबर वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी ओततो आणि खाली येऊन बघतो, डाग रंगीत झाला का. सेन्सर तेच करतो. तारेवर खूण केलेलं एक पॅकेट सोडायचं आणि ते हवेत बाहेर पडतंय का ऐकायचं. किंवा उलट: संशयित नेटवर्क उघडं असेल तर क्षणभर त्याचं गिऱ्हाईक व्हायचं, तिथून खुणेचं पॅकेट आतल्या सर्व्हरकडे पाठवायचं. पोचलं तर गळती नक्की.

या विषयात पुण्याचा हात बराच जुना आहे. हवेतली घुसखोरी पकडणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक म्हणजे एअरटाइट नेटवर्क्स. तिचं संशोधनाचं बरंचसं काम पुण्यात चालायचं. पुढे तिचं नाव मोजो झालं आणि २०१८ मध्ये अरिस्टा कंपनीनं ती विकत घेतली. त्यामुळे या शहरात एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ 'आम्ही त्या काळी पॅकेटमागे धावायचो' म्हणत वायरलेसच्या गोष्टी सांगायला लागले, तर आश्चर्य वाटून घेऊ नये.

हे सगळं कशासाठी, असं वाटणं साहजिक आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादला स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी माध्यमांना एक ईमेल गेला होता. पोलीस त्याचा माग काढत पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या घरी. त्याचा संबंध एवढाच, की त्याचं वायफाय उघडं होतं. पुढच्याच महिन्यात तसाच एक ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. मी तेव्हा पाचवीत होते; आमच्या घरी इंटरनेट नव्हतं, पण 'वायफाय' हा शब्द मी पहिल्यांदा त्या बातम्यांतच ऐकला. अमेरिकेत त्याच्या तीन वर्षं आधी, २००५ मध्ये, टीजेएक्स या दुकानांच्या साखळीत चोर शिरले ते दुकानाच्या जुनाट, कमकुवत कुलपाच्या वायफायमधून. चार कोटींहून जास्त कार्डांचे नंबर गेले. आज कार्डानं पैसे घेणाऱ्या व्यवसायांना ठरावीक काळानं आपल्या जागेत अनोळखी वायफाय शोधावं लागतं.

सेन्सर नुसता ऐकतो म्हटलं, ते अर्धंच खरं. त्याला एक वाक्य बोलता येतं: 'चल, सुट'. वायफायच्या १९९७ च्या मूळ नियमांत जोडणी तोडण्याच्या संदेशावर सही-शिक्का काहीच नव्हता. कुणीही अ‍ॅक्सेस पॉइंटच्या नावानं फोनला 'तुझं कनेक्शन संपलं' सांगावं आणि फोननं निमूट ऐकावं. हल्लेखोर हे वापरतात आणि आम्हीही वापरतो. घुसखोर सापडला की सेन्सर त्याच्या गिऱ्हाइकांना पुनःपुन्हा असं हाकलत राहतो. आमच्या भाषेत 'कंटेन' करणं. संदेशावर शिक्का मारायची सोय २००९ मध्ये ८०२.११डब्ल्यूनं आली, आणि २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये ती सक्तीची झाली. तरी जुन्या पद्धतीची यंत्रं अजून पुष्कळ आहेत.

या एका वाक्याचं काय होऊ शकतं ते नॅशव्हिलच्या एका हॉटेलात दिसलं. मॅरियटच्या ताब्यातलं ते मोठं अधिवेशनाचं हॉटेल होतं, आणि तिथे सुरक्षेची हीच यंत्रणा पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट पाडायला वापरली जात होती. हॉटेलचं वायफाय मात्र पैसे मोजून मिळत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं सहा लाख डॉलर वसूल केले. पाहुण्यांचे फोन त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, हॉटेलच्या तारेशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे सरळ दुसऱ्या ढिगातले. पण स्क्रीनवर ढीग बदलायला एक क्लिक पुरते. नव्या मुलांना मी हा किस्सा पहिल्या दिवशी सांगते. आमच्याकडे आपोआप हाकलणं बंद ठेवलेलं आहे. आधी माणसानं जाऊन बघायचं.

तर गेल्या पावसाळ्यात असंच बघायला जावं लागलं. हिंजवडीतलं एक क्लायंट ऑफिस. रोज रात्री दहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर एक अनोळखी नेटवर्क उगवायचं आणि सकाळी सहाला मावळायचं. नाव राउटरच्या कंपनीनं दिलेलं, तसंच ठेवलेलं. पासवर्ड नाही. खुणेचं पॅकेट सोडलं, पोचलं. म्हणजे शेजारी नव्हे, घरातलाच. पण स्विचच्या नोंदीत नवं यंत्र कुठेच नव्हतं. त्या मजल्यावर होते ते सगळे जुने ओळखीचे पत्ते.

जागा काढायची पद्धत सोपी आहे. तीन सेन्सरना तो किती जोरात ऐकू येतो ते बघायचं. एकाला उणे ४८, दुसऱ्याला उणे ६३, तिसऱ्याला उणे ७१ डीबीएम. शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. नकाशावर सर्व्हिस लिफ्टच्या आसपास ठिपका पडला. रात्री साडेअकराला मी आणि क्लायंटचा अ‍ॅडमिन, माझ्याच वयाचा मुलगा, लॅपटॉप हातावर धरून तिथे पोचलो. जुन्या पेपररॅकच्या मागे, भिंतीतल्या पोर्टला, हजारेक रुपयांचा दोन अँटेनावाला राउटर. तिथे पूर्वी प्रिंटर होता. प्रिंटर गेला, पोर्ट चालू राहिला, आणि प्रिंटरच्या पत्त्याचा स्टिकर रॅकवर तसाच राहिला. राउटरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी तो पत्ता हुबेहूब टाकला होता. स्विचच्या लेखी प्रिंटर परत आला होता. मी मनात दाद दिली, खोटं कशाला बोला.

"मॅडम, ते माझ्या पोरानं करून दिलंय," मागून आवाज आला. रात्रपाळीचे सिक्युरिटी काका. पन्नाशीच्या पुढचे, परभणीकडचे. टोपी हातात घेतलेली. "डिप्लोमाला आहे तो. काही चुकलं का?"

अ‍ॅडमिन आवाज चढवणार एवढ्यात मी विचारलं, "काका, कशाला लागतं इथं नेट?"

त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. त्यांच्या ठेकेदार एजन्सीचं हजेरीचं अ‍ॅप. रात्री दर तासाला ठरलेल्या जागी उभं राहून स्वतःचा फोटो टाकायचा. त्या जागांपैकी तीन या लिफ्टच्या लॉबीत, एकावर एक तीन मजल्यांवर. इमारतीचा हा गाभा नुसता काँक्रीट आणि लोखंड. मोबाइलची रेंज शून्य. फोटो जिन्यात जाऊन पाठवला तर जागा चुकीची दाखवतो, आणि रेंज आल्यावर आपोआप गेला तर वेळ चुकीची.

"गेला नाही की खाडा लावतात," काका म्हणाले. "उभं राहून पण खाडा. मागच्या महिन्यात चार लागले."

"मग ऑफिसचं गेस्ट वायफाय?" मी विचारलं आणि विचारतानाच उत्तर आठवलं. ते सेटिंग मीच केलं होतं, क्लायंटच्या सांगण्याप्रमाणे. पाहुण्याला कायम नोकरीतल्या कुणीतरी मेलवरून मंजुरी द्यायची, आणि मंजुरी संध्याकाळी सात वाजता संपते. पाहुणा संध्याकाळी घरी जातो हे त्यात गृहीत होतं.

राउटर मी तिथल्या तिथे काढला. याबद्दल मला जराही शंका नव्हती, आजही नाही. तो ज्या पोर्टवर होता तिथून फाइल सर्व्हरपर्यंत रस्ता जात होता, आणि पासवर्ड नसल्यामुळे खाली रस्त्याच्या बाजूला लावलेल्या गाडीत बसून कुणालाही तो रस्ता मिळाला असता. सानपाड्यातल्या त्या माणसाचं वायफायही असंच उघडं होतं. काकांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आज रात्रीचे फोटो?" त्या रात्री मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट खिडकीशी चालू ठेवला, तो लॉबीत पोचेना, मग अ‍ॅडमिननं स्वतःहून त्यांच्या नावानं गेस्टची मंजुरी दिली आणि मी सकाळपर्यंतची मुदत टाकली. पुढचे काही दिवस तो रोज रात्री झोपण्यापूर्वी मंजुरी देत होता. आवाज चढवणाऱ्या माणसांविषयी माझं मत त्यामुळे थोडं मवाळ झालं आहे.

घटनेच्या अहवालात एक रकाना असतो: 'जबाबदार व्यक्ती'. तिथे मी लिहिलं की प्रिंटर काढल्यावर पोर्ट बंद करण्याची पद्धत ठरलेली नाही, आणि त्या जागेत कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामासाठी लागणारं इंटरनेट उपलब्ध नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. क्लायंटकडून 'व्यक्तीचे नाव?' अशी एक ओळ परत आली. मी पोर्ट क्रमांक पाठवला. मग कुणी विचारलं नाही. सोबत उपायही सुचवला होता: कंत्राटी लोकांसाठी वेगळं नेटवर्क, आतल्या कशाशीही संबंध नसलेलं, फक्त हजेरीचं अ‍ॅप आणि थोडंफार इंटरनेट. तांत्रिक काम दोन तासांचं. मंजुरीला तीन आठवडे लागले, कारण पैसे ऑफिसनं द्यायचे की एजन्सीनं हे ठरत नव्हतं. खर्च शून्य होता, हे मी दोनदा मेलमध्ये लिहिलं. शेवटी झालं. सिक्युरिटी, हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनची मुलं, सगळ्यांचे मिळून एकतीस फोन एका रात्रीत आपल्यांच्या यादीत आले. हवेतली रात्रीची उघडी नेटवर्कं संपली. मावशींनी मला पहाटे चहा दिला; कँटीनच्या मशीनचा नव्हे, खरा, आल्याचा.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते. महिन्याभरानं क्लायंटच्या फॅसिलिटी विभागाकडून विनंती आली. आता हे फोन आपल्या नेटवर्कवर आहेतच आणि आपल्याकडे सेन्सरही आहेत, तर कोण किती वाजता कुठल्या मजल्यावर होतं याचा रोजचा अहवाल मिळेल का? एजन्सीच्या बिलाशी ताडून बघायचा आहे.

इथे एक तांत्रिक बारकावा सांगावा लागेल. हवेत ओळख शोधत फिरणारा फोन आता आपला खरा पत्ता सांगत नाही. आयफोननं २०१४ पासून आणि पुढे अँड्रॉइडनंही, शोधताना खोटे, बदलते पत्ते वापरायला सुरुवात केली. त्यामुळे रस्त्यावरून जाणारा माणूस सेन्सरला दर वेळी नवा वाटतो. पण नेटवर्कला जोडला गेला की फोन त्या नेटवर्कपुरता एकच पत्ता धरून ठेवतो, सहसा कायमचा. म्हणजे काका राउटर लावून चोरून नेट वापरत होते तोवर आमच्या नकाशावर ते जवळजवळ अदृश्य होते. यादीत नाव आल्यापासून ते रोज रात्री तिसऱ्या मजल्यावरचा एक हिरवा ठिपका आहेत. पाणी प्यायला गेले तरी ठिपका हलतो.

माझे वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. हजेरीचं मस्टर त्यांच्याकडे असायचं. भोंगा झाल्यावर लाल पेनाचं टोपण ते लगेच काढत नसत; ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या वस्तीवरची माणसं उशिरा येतात हे त्यांना माहीत होतं. ते फार दयाळू वगैरे नव्हते, घरी तर बिलकूल नाही. पण कोण कुठून येतं ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढा नाही. टाकायचा म्हटला तर कुठल्या रकान्यात टाकायचा, हे मी खरंच बसून शोधलं आहे.

विनंतीला मी उत्तर लिहिलं ते तांत्रिक भाषेत. वायफायवरून काढलेली जागा काही मीटर इकडेतिकडे असू शकते. सर्व्हिस लिफ्टचा गाभा मजल्यांच्या आरपार जात असल्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा माणूस चौथ्यावर दिसू शकतो. सोबत आमच्याच चाचणीचे आकडे जोडले. फोन चार्जिंगला लावून माणूस फेरीवर गेला तर माणूस गैरहजर आणि चार्जर हजर. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही सवलत आहे, पण हे लोक तुमचे नोकर आहेत का एजन्सीचे, हे आधी तुमच्या कायदा विभागानं सांगावं. हा शेवटचा मुद्दा मला फार आवडला होता. पगार देताना ते एजन्सीचे असतात आणि ठिपका बघताना ऑफिसचे.

कायदा विभागाचं उत्तर अजून आलेलं नाही. फॅसिलिटीवाल्यांनी मधे विचारलं की मजल्याऐवजी निदान 'इमारतीत आहे किंवा नाही' एवढं तरी मिळेल का. मिळेल, तांत्रिकदृष्ट्या सहज मिळेल, पाच ओळींची क्वेरी आहे. मी ती लिहून पाहिली, चालते, आणि कुठेही साठवलेली नाही. नोंदी किती दिवस ठेवायच्या, या सेटिंगमध्ये त्या एकतीस फोनांच्या नेटवर्कपुरती मी सात दिवसांची मर्यादा घातली आहे. धोरणात बसते ती, किमान मर्यादा सातच आहे.

काकांना यातलं थोडं सांगितलं. फोन चार्जिंगला कुठे लावता, एवढंच विचारायला गेले होते, मग सगळं निघालं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "ताई, आमची एजन्सी फोटो मागते, हे ठिपका मागतात. दोघांनी आपसात काय ते ठरवा म्हणावं, मी इथंच आहे." मग मुलाला आमच्याकडे ट्रेनी म्हणून घेतात का विचारलं. मी बायोडेटा मागून घेतलाय. प्रिंटरचा पत्ता राउटरवर चढवणारा मुलगा मला टीममध्ये हवाच आहे, फक्त मुलाखतीत तो किस्सा सांगू नको असं त्याला बजावलंय.

अहवालाच्या विनंतीचं तिकीट सध्या माझ्याच नावावर आहे. स्थिती: प्रलंबित. कारण: व्हेंडरकडून माहिती अपेक्षित. दर सोमवारी सिस्टीम व्हेंडरला आठवणीचा मेल पाठवते, आणि व्हेंडर मीच असल्यामुळे तो मला येतो.